शेततळं आणि वन्यजीव: एकाच पाण्यावर कुणाची तहान भागते, कुणाचा जीव जातो?

महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात एप्रिल-मे उजाडेपर्यंत ओढे, नाले आणि बहुतेक गावतळी कोरडी पडलेली असतात. अशा वेळी माळावरून लांबवर पाणी चमकताना दिसलं, तर ते बहुतेकदा शेततळ्याचं असतं. डाळिंब, द्राक्ष किंवा मोसंबीची बाग उन्हाळाभर जगवायला शेतकऱ्याने ते साठवून ठेवलेलं असतं.

पण या पाण्यावर फक्त शेतकऱ्याची नजर नसते. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, रानमांजर, मोर, ससा आणि कितीतरी पक्षी तहान भागवायला तिकडेच वळतात. त्यातले काही पाणी पिऊन निघून जातात. काहींना मात्र परत वर येता येत नाही.

दर उन्हाळ्यात 'शेततळ्यात पडून काळविटाचा मृत्यू' किंवा 'शेततळ्यात पडलेल्या बिबट्याची सुटका' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दुसरीकडे, शेततळ्यांमुळे गावात पक्षी वाढले असंही शेतकरी सांगतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असू शकतात? शेततळं वन्यजीवांसाठी वरदान आहे की सापळा?

याचं उत्तर तळ्यात पाणी किती आहे यावर कमी आणि तळ्याचा काठ कसा आहे यावर जास्त अवलंबून आहे. कसं, ते सविस्तर पाहू.

शेततळी दोन प्रकारची

शेतात खड्डा खणून पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पावसात खंड पडला की ते पिकाला द्यायचं, ही शेततळ्याची मूळ कल्पना. हे तळं मातीचं असतं. पावसाळ्यात भरतं, थोडं पाणी पिकाला जातं, थोडं जमिनीत मुरतं आणि बऱ्याच ठिकाणी हिवाळा संपता संपता ते आटतं.

दुसरा प्रकार म्हणजे अस्तर लावलेलं तळं. गावाकडच्या भाषेत 'कागदाचं शेततळं'. कागद म्हणजे इथे जाड प्लास्टिक. साधारण ५०० मायक्रॉन जाडीचा हा कागद तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत अंथरतात, त्यामुळे पाणी मुरत नाही. अशी अनेक तळी पावसाच्या वाहत्या पाण्याने नव्हे, तर विहीर किंवा बोअरवेलचं पाणी मोटारीने उपसून भरली जातात. त्यामुळे भूजलावर ताण येतो, असं पाणी-अभ्यासक सांगत आले आहेत. पण या लेखापुरता महत्त्वाचा मुद्दा असा, की ही तळी ऐन उन्हाळ्यातही भरलेली राहतात.

राज्यात २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये मोठे दुष्काळ पडले आणि शेततळ्यांची मागणी वाढत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. त्यात एका तळ्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान होतं. पुढे वैयक्तिक शेततळ्यांसाठी ही मर्यादा ७५ हजार रुपयांवर गेली. रोजगार हमी आणि फलोत्पादनाच्या योजनांतूनही तळी झाली. अनेकांनी स्वतःच्या खर्चाने कागद टाकला. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, जालना या फळबागांच्या जिल्ह्यांत आज कागदाची तळी सर्रास दिसतात. जालन्याचं कडवंची गाव तर शेततळ्यांच्या जोरावर फुललेल्या द्राक्षबागांसाठीच ओळखलं जातं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा कागद म्हणजे हातात राहिलेली बाग. त्यामुळे 'कागदाची तळी नकोत' असं शहरात बसून म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या तळ्यातून बाहेर यायला वाट आहे का?

पण शेतात वन्यप्राणी आले कुठून?

ते बाहेरून आलेले नाहीत. त्यातले बरेचसे आधीपासून तिथेच राहतात.

वन्यप्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल येतं. पण पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग आणि मराठवाडा हा पर्जन्यछायेचा, माळरानांचा प्रदेश आहे. इथले काळवीट, चिंकारा, लांडगा आणि खोकड हे मुळातच मोकळ्या गवताळ माळावर राहणारे प्राणी आहेत. त्यांच्यासाठी राखलेली जागा मात्र अगदी थोडी आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात काळविटांसाठीचं रेहेकुरी अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र आहे २.१७ चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यात सुपे इथे चिंकारांसाठी ओळखलं जाणारं मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत कळप मावत नाहीत. ते आजूबाजूच्या पडीक जमिनींत, गायरानांत आणि शेतांत वावरतात. लांडगा तर शिकारीसाठी रात्रीतून कित्येक किलोमीटर फिरतो, त्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याचंही तसंच आहे. अहिल्यानगरच्याच अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस असल्याचा अंदाज त्यातून पुढे आला. तिथे राखीव जंगल नव्हतं. होती ती शेतं, वस्त्या आणि गोठे.

म्हणजे शेत ही या प्राण्यांची रोजची जागा आहे. आणि शेतातलं पाणी हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे.

कोण कसं पाणी पितं?

शेततळ्यावर येणाऱ्या जिवांचे ढोबळमानाने तीन गट पाडता येतात. कुणाला धोका आहे आणि कुणाला नाही, हे त्यावरून लगेच कळतं.

पहिला गट उडता उडता पाणी पिणाऱ्यांचा. भिंगऱ्या आणि पाकोळ्या पाण्यावरून झेप घेत चोच बुडवतात. संध्याकाळ झाली की वटवाघळंही तसंच करतात. त्यांना लागतो पाण्याचा मोकळा पृष्ठभाग, काठाशी त्यांचा संबंध येत नाही. त्यामुळे कागदाचं तळं त्यांना तसं सोयीचंच. पाण्यावर घोंघावणारे किडे खायला मिळतात, ते वेगळंच.

दुसरा गट काठावर आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांचा. शेकाट्या, ढोकरी, बगळे, टिटवी आणि हिवाळ्यात येणारे धोबी आणि तुतवार हे यातले. त्यांना चिखल, उथळ पाणी आणि त्यातले किडे, अळ्या, बेडूक, छोटे मासे हवे असतात. पाणी पिण्यापेक्षा खाणं शोधायला ते येतात. कागदाच्या तळ्याचा उभा काठ त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. टिबुकली अशा तळ्यात पोहताना दिसते, पण तिचं तरंगतं घरटं बांधायला पाणवनस्पती लागतात आणि कागदावर त्या उगवत नाहीत.

याच गटात पखुर्डीचा उल्लेख करायला हवा. माळावरचा हा पक्षी कोरडं बी खाऊन जगतो, त्यामुळे त्याला पाणी हवंच असतं. सकाळी थव्याने पाण्यावर यायचं, थोडं दूर उतरायचं आणि चालत काठाशी जायचं, ही त्याची रीत. पिलं लहान असताना पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिलांपर्यंत घेऊन जातो. त्यासाठी त्याला हळूहळू पाण्यात शिरणारा, सपाट आणि मोकळा काठ लागतो.

तिसरा गट चालत येणाऱ्यांचा. काळवीट, लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, रानडुक्कर, रोही, रानमांजर, मुंगूस, ससा, साप, बेडूक, सगळे यात आले. चिंकारा पाला आणि दवातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढू शकतो. काळविटाला मात्र कडक उन्हाळ्यात नियमित पाणी लागतं. पाण्यापर्यंत पोहोचायचं तर या सगळ्यांना उतारावरून खाली उतरावं लागतं. आणि परत वर चढावंही लागतं. खरा धोका या तिसऱ्या गटाला आहे.

कागदाच्या तळ्यात प्राणी अडकतो कसा?

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हा वैयक्तिक शेततळ्याचा ओळखीचा आकार. त्याच्या बाजूंना १:१ उतार दिला, म्हणजे १ मीटर खोलीमागे १ मीटर आडवं अंतर ठेवलं, तर उताराचा कोन ४५ अंश होतो आणि तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. उतार सौम्य करून १:१.५ केला तर कोन सुमारे ३४ अंशांवर येतो. सामूहिक शेततळी याहून मोठी आणि खोल असतात. शिवाय खणलेली माती भोवती टाकून बांध उंच केलेला असतो.

४५ अंशांचा मातीचा उतार काळवीट चढू शकतं, कारण खूर मातीत रुततात. प्लास्टिकवर मात्र खुराला धरायला काहीच नसतं. त्यात पाण्याच्या रेषेजवळ कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर साचतो. बिबट्या किंवा लांडग्याची नखं कागदावर ओरखडे काढतात, पण शरीराचं वजन पेलेल अशी पकड मिळत नाही.

होतं असं, की पाणी काठोकाठ असताना प्राणी बांधावर उभा राहून मान खाली घालून पाणी पिऊ शकतो. पण बागेला पाणी देत देत पातळी खाली जाते. ३ मीटर खोल तळ्यात ४५ अंशांच्या उताराची पूर्ण लांबी ४ मीटरहून थोडी जास्त भरते. म्हणजे पाणी जितकं कमी, तितकी घसरगुंडी लांब. तहान सगळ्यात जास्त असते तेव्हाच, म्हणजे मार्च ते मेदरम्यान, तळं सगळ्यात धोकादायक झालेलं असतं.

प्राणी घसरला की पोहू लागतो. काळवीट आणि बिबट्या दोघांनाही पोहता येतं. तो एका काठाला जातो, पाय घसरतो, पुढच्या काठाला जातो, पुन्हा घसरतो. काठाकाठाने फेऱ्या मारत राहतो आणि थकतो. काही तासांत सगळं संपतं. बुडण्याचं कारण पोहता न येणं हे नसतं, बाहेर निघता न येणं हे असतं.

मोकाट कुत्री मागे लागली की हा धोका आणखी वाढतो. जिवाच्या भीतीने पळणारं काळवीट बांध चढून थेट पाण्यात पडू शकतं.

बिबट्या किंवा काळवीट पडलं तर बातमी होते. साप, भेक, मुंगूस, सशाची पिलं यांची बातमी होत नाही. बोटांना चिकट गाद्या असलेले झाडबेडूक प्लास्टिकवरून चढून जाऊ शकतात. जमिनीवर राहणाऱ्या भेकांना ते जमत नाही.

मग मातीच्या तळ्यात वेगळं काय असतं?

मातीच्या तळ्यात पाण्याबरोबर बाकीचंही बरंच काही येतं. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत काठावर गवत उगवतं. कडेला गाळ साचून उथळ पट्टा तयार होतो. चतुर आणि टाचण्या अंडी घालतात. त्यांच्या पाण्यातल्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. बेडूक येतात, बेडकांमागे दिवड येते, ढोकरी येते. उंदरांच्या मागावर घुबड फिरू लागतं. काठ ढासळून जिथे उतार मऊ होतो, तिथे प्राण्यांच्या पायवाटा पडतात.

याची जुनी आणि मोठी उदाहरणं पाहायची तर पूर्व विदर्भात जावं लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत भातशेतीला पाणी देण्यासाठी पूर्वी बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. तेही माणसाने शेतीसाठीच बांधले. पण एका बाजूला पाळ आणि दुसऱ्या बाजूला जमिनीत हळूहळू मिसळत जाणारं उथळ पाणी अशी त्यांची रचना असते. गोंदिया परिसरातले सारस पक्षी अशाच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने टिकून आहेत.

मामा तलाव आणि कागदाचं शेततळं, दोन्ही शेतीचीच साधनं. फरक आहे तो काठाचा.

पण मातीच्या तळ्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. ज्या महिन्यांत प्राण्यांना पाणी सगळ्यात जास्त हवं असतं, त्या महिन्यांत ते बहुतेकदा कोरडं असतं. पाणी असतं ते कागदाच्या तळ्यात. म्हणून सुधारणा तिथेच करायला हवी.

शेतकऱ्याने हे का करावं?

हा प्रश्न रास्त आहे. काळविटांचा कळप कोवळं पीक फस्त करतो. रानडुकरं एका रात्रीत मका आडवा करतात. वन विभाग पीकनुकसानीची भरपाई देतो, पण पंचनामा आणि कागदपत्रांसाठी वेळ जातो तो जातोच. अशा प्राण्यांसाठी शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून का खर्च करावा?

कारण त्यात त्याचंही हित आहे. तळ्यात धडपडणाऱ्या प्राण्याच्या नखांनी आणि खुरांनी कागद फाटतो. एक भोक पडलं तरी पाणी गळू लागतं आणि भरलेल्या तळ्यात ते शोधायचं कसं हा वेगळाच ताप. मेलेला प्राणी पाण्यात कुजला की ते पाणी ना जनावरांना पाजता येतं, ना ठिबकमधून नीट जातं.

सगळ्यात महत्त्वाचं कारण माणसांचं आहे. कागदाच्या शेततळ्यात बुडून मुलांचे आणि मोठ्या माणसांचेही जीव जातात. मोटारीचा पाइप सरळ करायला उतरलेला माणूस, पोहायला गेलेली मुलं, भावाला वाचवायला उडी मारलेली बहीण. पोहता येणारेही यात बुडतात, कारण अडचण तीच असते: पाय ठेवायला जागा नाही आणि धरायला काही नाही. काळविटाला बाहेर काढणारी वाट माणसाच्या मुलालाही बाहेर काढते.

कायद्याचाही भाग आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा आणि बिबट्या हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मधले, म्हणजे सर्वोच्च संरक्षण असलेले प्राणी आहेत. ते मेलेले आढळले तर वन विभागाला कळवावं लागतं. परस्पर विल्हेवाट लावली तर शेतकरीच अडचणीत येऊ शकतो.

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत. बरेचसे शेतातल्याच वस्तूंतून होतात.

*१. चढून येण्याची वाट.* तयार तळ्यात हा सगळ्यात सोपा उपाय. काथ्याची जाड चटई किंवा एकमेकांना दोरीने बांधलेल्या जुन्या टायरांची माळ बांधाच्या माथ्यापासून थेट तळापर्यंत सोडायची. वरचं टोक बांधाच्या बाहेर पक्क्या खुंटाला बांधायचं. खालच्या टोकाला वाळूच्या गोणीचं वजन द्यायचं. कागदाला इजा होऊ नये म्हणून मध्ये जुन्या कागदाचा तुकडा अंथरायचा. वाट पाण्याच्या आजच्या पातळीपर्यंत नको, तळापर्यंत हवी, कारण पातळी रोज बदलते.

*२. जागा कुठली?* प्राणी काठाकाठाने पोहतो आणि कोपऱ्यात अडतो. म्हणून चारही कोपऱ्यांत वाट असलेली बरी. ते जमत नसेल तर किमान समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत.

*३. मासेमारीची जाळी नको.* बारीक धाग्याच्या जाळीत शिंगं आणि पाय गुंततात आणि प्राणी लवकर बुडतो. मोठ्या घरांची दोरीची जाळी माणसाला चढायला ठीक, पण त्यात खूर अडकू शकतात. प्राण्यांसाठी खरखरीत आणि सलग पृष्ठभाग उत्तम.

*४. नवं तळं खणताना रॅम्प.* यासाठी किती पाणी गमवावं लागतं? ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात एका बाजूला २ मीटर रुंद पट्टा घ्या आणि तेवढ्यापुरता उतार १:३ ठेवा. या उताराचा कोन साधारण १८ अंश येतो. बाकी बाजू १:१ च राहू द्या. हिशेब केला तर या रॅम्पमुळे सुमारे १८ हजार लिटर साठा कमी होतो. २२ लाख लिटरपैकी १८ हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मात्र रॅम्पवरही कागद असेल तर त्यावर काथ्याची चटई किंवा मातीने भरलेल्या गोण्या हव्यातच. नुसता कागद १८ अंशांवरही निसरडा असतो.

*५. कुंपण, पण अर्धवट नको.* तळ्याभोवती चांगलं जाळीचं कुंपण असेल तर मोठे प्राणी आणि मुलं दोन्ही सुरक्षित राहतात. जाळीचं खालचं टोक जमिनीत गाडायचं आणि फाटक नेहमी बंद ठेवायचं. एखाद्या ठिकाणी फट असलेलं कुंपण मात्र जास्त घातक ठरू शकतं. प्राणी फटीतून आत जातो आणि घाबरला की त्याला ती फट सापडत नाही. शिवाय मुंगूस, साप, ससा कुंपणातूनही जातात. म्हणून कुंपण असलं तरी वाट हवीच.

*६. वेगळा पाणवठा.* तहान लागलेला प्राणी तळ्याकडे येणारच. त्याला आधी दुसरीकडे सोपं पाणी मिळालं तर तो बांध चढणार नाही. तळ्यापासून आणि पिकापासून दूर, पडीक बाजूला, बशीच्या आकाराचा उथळ पाणवठा करता येतो. वन विभाग माळरानांवर असेच सिमेंटचे पाणवठे बांधतो आणि उन्हाळ्यात भरतो. पाणवठ्यात दोन-चार दगड ठेवले तर मधमाश्या आणि छोटे पक्षीही बुडत नाहीत. पाणी मात्र वरचेवर बदलायला हवं.

*७. तरंगती फळी.* तळ्यात एक-दोन लाकडी फळ्या सोडल्या तर उंदीर, बेडूक, छोटे पक्षी यांना टेकायला जागा मिळते.

*८. फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ नका.* कीटकनाशकाचं थोडं पाणीही बेडूक, मासे आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांना घातक ठरतं.

मातीचं तळं असेल तर काम आणखी हलकं. एका बाजूचा काठ मऊ करा आणि तिथलं गवत तसंच राहू द्या. एवढं पुरेसं आहे.

प्राण्यांना पाणी दिलं तर ते जास्त येतील का?

पिकाच्या मधोमध पाणी ठेवलं तर हो, तिथला वावर वाढेल. म्हणूनच पाणवठ्याची जागा महत्त्वाची. पण काळवीट शेतात मुख्यतः येतं ते कोवळ्या पिकासाठी. माळ नांगरले गेले, गायरानं आकसली, म्हणून ते पिकावर आलं. तळ्यातून बाहेर यायची वाट ठेवल्याने त्यांची संख्या वाढत नाही. त्यातून फक्त आहेत त्यांचा बुडून होणारा मृत्यू टळतो.

एक काळजी मात्र घ्यावी. पाणवठा एकच आणि आडोशाला असेल तर कुत्री आणि शिकारी तिथे दबा धरू शकतात. गावाने मिळून दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवलं तर ते टळतं.

शेततळ्यात प्राणी पडलेला दिसला तर?

सगळ्यात आधी वन विभागाला कळवा. महाराष्ट्र वन विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन आहे १९२६.

पथक येईपर्यंत गर्दी होऊ देऊ नका आणि कुत्री लांब ठेवा. बिबट्या, लांडगा किंवा तरस असेल तर जवळ जाऊ नका. लांबून एखादी फळी किंवा दोरीला बांधलेली बाज पाण्यात सोडली तर प्राण्याला टेकायला आधार मिळतो. विहिरीत पडलेल्या बिबट्यांना वाचवताना हीच युक्ती वापरली जाते. स्वतः पाण्यात उतरू नका, तुम्हालाही तोच कागद चढायचा आहे.

काळवीट किंवा चिंकारा असेल तर आणखी सांभाळावं लागतं. पाठलाग, आरडाओरडा आणि पकडापकडीने हे प्राणी इतके घाबरतात, की त्यांचे स्नायू निकामी होऊन सुटकेनंतरही ते दगावू शकतात. त्यांना उचलून घेऊन फोटो काढत बसणं म्हणजे वाचवलेला जीव पुन्हा धोक्यात घालणं. बाहेर काढल्यावर डोळ्यांवर कापड टाकावं, शांतता ठेवावी आणि पुढचं वन विभागावर सोपवावं.

हे फक्त शेतकऱ्यावर सोडून चालेल का?

शेततळी मोठ्या प्रमाणावर झाली ती सरकारी अनुदानामुळे. अनुदान देताना लांबी, रुंदी, खोली मोजली जाते, कारण रक्कम तळ्याच्या आकारावर ठरते. 'बाहेर येण्याची वाट' ही एक ओळ प्रत्येक तळ्याच्या आराखड्यात आणि मोजणीत असेल, तर ती वाट नंतर आठवणीने करायचं काम उरणार नाही. कागद अंथरणाऱ्या ठेकेदारालाही चार चटया सोबत आणणं कठीण नाही.

सध्याच्या तळ्यांसाठी ग्रामपंचायत, कृषी सहायक आणि वनरक्षक यांनी मिळून मार्चच्या आत गावातली कागदाची तळी एकदा फिरून पाहिली, तरी पुष्कळ काम होईल. कुठे कुंपण फाटलंय, कुठे दोर कुजलाय, कुठे मुलं पोहायला जातात, हे गावाला माहीत असतंच.

तुमच्या शेतात तळं असेल तर ते तपासायला एकच प्रश्न पुरेसा आहे. पाणी निम्म्यावर आलेलं असताना यात एखादं पाडस पडलं, किंवा शेजारचं पोर पडलं, तर त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर येता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर काथ्याची चटई आणि पक्का खुंट एवढ्यापासून सुरुवात करता येते. उन्हाळा लागण्याआधी.